साडेबाराची सावली

मी सांगतो त्यातलं पाऊण खोटं असतं, हे आमच्या शिवाजी पेठेत कुणालाही विचारलंत तरी कळेल. उरलेलं पाव खरं असतं, ते आक्कांमुळं. मी काही सांगायला लागलो की आक्का हाताचा पंजा पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "चारनं भाग." म्हणजे मी म्हणायचो, काल असा पाऊस झाला की रंकाळ्यातले मासे रिक्षा करून घरी निघाले होते. "चारनं भाग." मी भागायचो. चारनं भागलं तरी एखाददुसरा मासा रिक्षात उरायचाच, पण तेवढा आक्का सोडून द्यायच्या.

तर वाचणाऱ्यांनीही इथं तसंच करावं. माझ्याबद्दल, पेठेबद्दल आणि राणी नावाच्या म्हशीबद्दल जे लिहीन त्याला खुशाल चारनं भागावं. आक्कांबद्दलचं मात्र आहे तसं घ्यावं. त्यात जरा जरी वाढवलं तर मला फोन येतो.

मी तेव्हा एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे दुसऱ्यांच्या वाक्यांचे केस कापणारा. आक्का बाहेरून लिहायच्या. मुक्त पत्रकार, विषय दोनच, विज्ञान आणि प्रवास. कोल्हापुरात त्या काळी मुक्त पत्रकार म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई कुठून तरी सुटून आल्या आहेत. तशा त्या आल्याही होत्या. एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या मदतनीस होत्या. तिथल्या मुलांनी प्रयोग न करताच आकडे लिहायचे आणि प्राध्यापकांनी त्यावर सही करायची, हे बघून बघून एक दिवस त्यांनी चाव्या टेबलावर ठेवल्या आणि एसटी स्टँडवर जाऊन समोर जी गाडी लागली होती तीत बसल्या. परत आल्या त्या पहिला लेख घेऊनच.

उंची अशी की पेठेतल्या केबलच्या वायरी त्यांना वाकून चुकवाव्या लागत. अंगावर सुती साडी, साडीवर शेतात बायका घालतात तसा पुरुषी शर्ट, पायात खेळाडूंचे बूट. शर्टाच्या खिशात पेन नसायचं. तिथं मोज्यात गुंडाळलेला थर्मामीटर असायचा, आणि आक्का त्यानं जगाचा ताप बघायच्या. चहाचा, नदीचा, देवळाच्या फरशीचा, एसटीच्या बॉनेटचा. पण रीत ठरलेली. आधी हात लावायचा, तोंडानं आकडा सांगायचा, आणि मगच मोजा सोडायचा. "आधी हाताला विचारायचं, मग पाऱ्याला. पारा फुटला तर आपण आंधळं नगो व्हायला," असं म्हणायच्या. माझ्या भाच्याच्या जावळाच्या जेवणाला त्या आल्या होत्या. पंगतीत बसल्या, तांबड्या रश्श्याच्या वाटीत करंगळी बुडवली, आकडा सांगितला आणि थर्मामीटर काढून वाटीत उभा केला. वाढणारे जागच्या जागी थांबले. आचारी हातात पळी घेऊन आला.

"काय वो आक्का, रश्श्याला ताप आलाय व्हय?"

"आलाय," आक्का म्हणाल्या. "उतरायच्या आत वाढ."

करंगळीचा आकडा आणि पाऱ्याचा आकडा एकच निघाला. माझं ऐकाल तर बालवाडीतल्या बाईंनी मुलांचा ताप बघायचा असला तरी त्या आक्कांनाच बोलावत. हे चारनं भागायचं.

दुसरी खोड प्रवासातली. आक्का कुठल्याही गावाला गेल्या तरी एक थांबा आधी उतरायच्या. कंडक्टर विनवायचा, आक्का, तिकीट पुढचं हाय, ऊन हाय, कशाला पायपीट. त्या उतरायच्याच. "गावाच्या तोंडावर उतरलं की गाव तोंड धुऊन भेटतंय," त्या मला सांगायच्या. "एक थांबा आधी उतरून चालत गेलं की गाव पारोसं घावतंय. लिहायचं ते त्याच्यावर." लडाखला गेल्या तेव्हाही त्यांनी हेच केलं. फक्त तिथं एक थांबा म्हणजे एक डोंगर असतो, हे त्यांना उतरल्यावर कळलं. जीपवाला पुढं जाऊन वाट बघत बसला आणि आक्का पोचल्या तोवर त्यानं त्यांच्या पिशवीतलं सगळं भडंग संपवलं होतं. त्याबद्दल त्या कधी रागावल्या नाहीत. उलट त्या लेखाचं पहिलं वाक्य भडंगाबद्दल होतं.

त्यांचा प्रवासलेख कधी ठरलेल्या वाटेनं जायचा नाही. कुरुंदवाडला गेल्या तर एक थांबा आधी उतरून, नावाड्याला गाठून, होडी संगमाच्या मधोमध उभी करायला लावली आणि दोन्ही बाजूंना वाकून एक हात पंचगंगेत आणि एक हात कृष्णेत घालून बसल्या. नावाड्याला वाटलं, बाईंचा काही नवस आहे. तो हात जोडून गप्प बसला. आक्का डावा हात काढून म्हणाल्या, "ही जरा कोमट हाय," आणि मग मोजा सोडला. जोतिबाला गेल्या त्याही चैत्री यात्रा संपल्यावर दुसऱ्या दिवशी. सगळी पत्रकार मंडळी यात्रेत गुलाल उधळून घरी जाऊन झोपली तेव्हा ह्या डोंगरावर हिंडून बघत होत्या की कुत्र्यांच्या अंगावरचा गुलाबी रंग किती दिवस टिकतो. आठवडाभर तिथल्या एका नारळवाल्याला रोज फोन. "पावणं, कुत्री अजून गुलाबी हायत का?" तो लेख आला तेव्हा माझ्या टेबलावर वाचकांच्या पत्रांचा डोंगर जोतिबापेक्षा उंच झाला होता.

आणि हे सगळं स्वतः बघून. न बघितलेलं लिहायचं नाही, हा त्यांचा एकच नियम, आणि तो त्यांनी दगडासारखा धरलेला. मी एकदा त्यांच्या लेखात 'शास्त्रज्ञांच्या मते' असं घातलं तर पुरवणी घेऊन ऑफिसात आल्या. "कुठल्या शास्त्रज्ञाच्या? फोन लाव त्याला. मला बी बोलायचं हाय." मी शब्द गिळला, तो अजून पचलेला नाही.

लेख मात्र माझ्याकडं थेट यायचा नाही. आधी तो कट्ट्यावर जायचा.

कोल्हापूरचा दूध कट्टा माहीत नसेल तर सांगतो. संध्याकाळी गवळी म्हैस घेऊन रस्त्याकडेला येतो, गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि फेसाळतं दूध पेल्यात घालून देतो. आमच्या कट्ट्यावर बंडूमामा गवळी यायचा आणि त्याची राणी. आक्का बंडूमामाशेजारी पाटावर बसायच्या आणि तो धार काढत असताना लेख मोठ्यानं वाचायच्या. म्हैस बिचकली की पान्हा चोरते, दूध वर ओढून धरते. राणीनं पान्हा चोरला की लेख नापास. आक्का कागद घडी करून उठायच्या आणि घरी जाऊन पुन्हा लिहायच्या. एकदा 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द आला तेव्हा राणीनं अशी लाथ झाडली की चरवी उडून तालमीच्या कौलांवर गेली.

"आक्का, सोपं लिवा जरा," बंडूमामा म्हणाला. "माझं गिऱ्हाईक तुटतंय."

"व्हय रं. माझं बी तुटत असंल," आक्का म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पानाचं जेवण पानच कसं शिजवतं असा लेख आला आणि राणीनं दोन गिऱ्हाइकांचं दूध जास्त दिलं. इतका चोखंदळ संपादक मी मराठीत दुसरा पाहिला नाही.

आता सावलीचं.

वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. सरळ उभ्या असलेल्या वस्तूची सावली तेव्हा तिच्याच पायाखाली जाते आणि काही क्षण दिसेनाशी होते. कोल्हापुरात त्यातला एक दिवस भर पावसाळ्यात ढगांत जातो, दुसरा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो. पण दुपारी बाराला नाही. आपल्या घड्याळातले बारा हे लांब पूर्वेकडचे बारा. कोल्हापूरच्या डोक्यावर यायला सूर्याला अजून अर्धा तास लागतो. आक्कांनी हे सगळं राणीला समजेल असं लिहिलं होतं, आणि शेवटी सगळ्या पेठेला आवतण दिलं होतं: तालमीजवळच्या मैदानात साडेबाराच्या सुमाराला या, काठी आणा, ऊस आणा, काहीही सरळ आणा.

आमच्या पुरवणीचे प्रमुख, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो, ते पुरवणी छपाईला जाण्याआधी शेवटचा हात फिरवायचे. त्यांना वाटलं, भरदुपार म्हणजे बारा; साडेबारा हा बाईंचा घोटाळा दिसतोय. त्यांनी पेन उचललं आणि 'बरोबर बारा वाजता' केलं.

अख्खी पेठ आली. कुणी ऊस आणला, कुणी लग्नातल्या मांडवाचा खांब, फुटबॉलवाल्या पोरांनी गोलपोस्टच उपटून आणला. बारा वाजले. सावल्या जिथल्या तिथं, चांगल्या हातभर. सव्वाबाराला लोक हसायला लागले.

"आक्का, सावलीची एसटी चुकली जणू."

"सावली बी कोल्हापुरी हाय वो. सांगून ऐकायची न्हाय."

"थांबा की जरा," आक्का म्हणत होत्या, पण पुरवणी सगळ्यांच्या हातात होती आणि पुरवणीत बारा होते. जेवणं खोळंबलेली, डोकी तापलेली. पेठ गेली. मैदानात आम्ही तिघंच उरलो: आक्का, मी आणि बंडूमामा जेवायला जाताना खांबाला बांधून गेला ती राणी. साडेबाराला उसाची सावली आखडत आखडत उसात शिरली. राणीची सावली तिच्या पोटाखाली अशी गोळा झाली, जणू तिनं तीही चोरून धरली होती.

"बघितलंस?" आक्कांनी विचारलं.

"बघितलं."

"आपण दोघांनी बघून काय करायचं लेका. पेठेनं बघायला पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी त्या कट्ट्यावर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, वेळ चुकली, माझी चूक. साहेबांचं नाव घेतलं नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या नावाखाली छापलं म्हणजे माझंच." आणि मग म्हणाल्या की जोवर पेठ ही सावली जाताना बघत नाही, तोवर त्यावर त्या पुन्हा एक ओळ लिहिणार नाहीत. पेठेनं बघितलं की मात्र लिहिणार, आणि ती चूक त्या लेखानं पुसणार.

ते काही जमेना. एका मे महिन्यात वळिवाचे ढग येऊन डोक्यावर बसले. एकदा आक्काच कच्छच्या रणात होत्या. पुढं एका वर्षी सगळं जगच घरात बसलं. पेठेतली पोरं मोठी झाली, गोलपोस्ट गंजला, पहिली राणी जाऊन तिची नात आली, तिचंही नाव राणी. आक्का भेटल्या की कुणीतरी विचारायचंच, "आक्का, सावली कुठवर आली?" आणि त्या म्हणायच्या, "निघालीया."

याच दिवसांत त्यांच्या लेखांत काहीतरी बदललं. मी केस कापणारा माणूस, मला डोक्याचा आकार लगेच कळतो. पूर्वी त्यांच्या लेखात रंग असायचे. आता वास यायला लागले, आवाज यायला लागले. आंबोलीच्या जंगलावरच्या एका लेखात एकही हिरवं पान नव्हतं, पण ओल्या मातीचा असा वास होता की पानं लावणाऱ्या पोराला शिंका आल्या. लेख आधीपेक्षा चांगले होते. म्हणून मी काही बोललो नाही. मग एक दिवस ओळखीचा कंडक्टर भेटला आणि म्हणाला, "आक्का आता एक थांबा आधी उतरत न्हाईत वो. शेवटच्याला उतरत्यात. आणि माझा हात धरून उतरत्यात."

त्याच आठवड्यात कट्ट्यावर काजव्यांवरचा लेख वाचला गेला. राणी तृप्त होऊन दूध देत होती. वाचून संपल्यावर मी म्हणालो, "आक्का, द्या कागद, आजच लावतो." त्यांनी घडी घातलेला कागद दिला. मी ऑफिसात येऊन उघडला तर ती कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती. वर गणपती, खाली आहेर आणू नये.

मी परत कट्ट्यावर गेलो. आक्का अजून पाटावरच होत्या. बंडूमामानं माझ्या हातातली पत्रिका बघितली आणि मान खाली घातली. त्याला माहीत होतं. राणीलाही माहीत असावं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"मधलं जातंय," आक्का म्हणाल्या. "कडेकडेचं उरलंय. तुझ्याकडं बघितलं तर कान दिसत्यात, तोंड दिसत न्हाय. तसं बरंच झालंय." मग म्हणाल्या, "लेख फोनला सांगते, त्यो लिहून तुला धाडतोय. मी ऐकून पाठ करते, आन् हितं येऊन म्हणते. उन्हात तर आता सगळं पांढरंच. न्हाय बघितलं ते लिहायचं न्हाय म्हणून आयुष्य काढलं, आता दुसऱ्याच्या डोळ्यानं लिहून ते घालवू व्हय? सावलीचा तेवढा एक ऱ्हायलाय. ह्या मे महिन्यात पेठेला दाखवते, जमलं तर मी बी बघते. मग लिहिते. न्हाय दिसली तर न्हाय लिहीत, आन् तिथंच थांबते."

बंडूमामाचा हात आचळावरच थांबला. राणीनं पान्हा चोरला.

एप्रिलभर मी देवाला न मानणारा माणूस ढगांना हात जोडत होतो. आक्कांनी छापायला बंदी केली होती. "तुझ्या साहेबाच्या हातात घड्याळ द्यायचं न्हाय." तरी कट्ट्यावरून बातमी अशी पसरली की इचलकरंजीचे लोकही टेम्पो करून आले. मैदानात ड्रेनेजच्या कामातला उरलेला सिमेंटचा पाइप होता, कमरेइतका. तो गवंड्याकडून ओळंबा लावून अगदी सरळ उभा करून घेतला. वेळ या खेपेस साडेबाराचीच, आणि लोक पावणेबारालाच हजर. अर्ध्या तासानं फसलेली पेठ पाऊण तास आधी आली होती.

आक्का पाइपच्या मावळतीच्या बाजूला पोतं टाकून बसल्या. सूर्य अजून जरा उगवतीकडं होता, म्हणून सावली त्यांच्या बाजूला पडली होती. त्यांनी डाव्या हाताचा पंजा जमिनीवर पालथा ठेवला, बोटांची टोकं पाइपला टेकवून. सगळा पंजा सावलीत.

"जमीन गार-गरम लागंल, तिच्यावर इश्वास ठेवायचा न्हाय," त्या मला म्हणाल्या. "ती उशिरा तापती आन् उशिरा निवती. हाताच्या पाठीवर ऊन लगेच कळतंय. ते धरायचं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं ही बाई आधी हाताला विचारत आली होती.

"मनगटावर ऊन आलं," आक्का म्हणाल्या.

पेठ गप्प झाली. फायनलला पेनल्टी मारताना होते तशी.

"हाताच्या मधोमध आलं."

"स्कोअर सांगत ऱ्हावा आक्का," मागून कुणीतरी म्हणालं, पण हळूच.

"बोटांची पेरं."

ऊन असं की टेम्पोचे टायर मऊ झाले. आक्कांचा चेहरा तांबड्या रश्श्यासारखा झाला होता. डोक्यावर पदर नाही, छत्री धरली तर सावली पडेल म्हणून छत्री नाही. बंडूमामाला ते बघवेना. पाइपजवळ अजून बोटभर सावली होती, सगळ्यांना दिसत होती. तो माझ्याकडं बघून पुढं झाला.

"आक्का, गेली बघा. गेली सावली."

"गेली, गेली," बायका म्हणाल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या माणसांनी एकदम आणि इतक्या मायेनं खोटं बोललेलं मी पेठेत दुसऱ्यांदा ऐकलं नाही. मी तर त्यातला मुरलेला. मीही म्हणालो, "गेली, आक्का."

आक्कांनी मान वळवली. त्यांना माझे कान दिसत असावेत.

"तू म्हणालास म्हणजे चारनं भागायला पायजे," त्या म्हणाल्या. "चारनं भागून बी नखाएवढी उरतीया की. बंडू, नखावर अजून गार हाय रं. मला फसवून तुला काय मिळणार हाय?"

बंडूमामानं टोपीनं तोंड पुसलं.

आणि तेवढ्यात ढग आला. पन्हाळ्याच्या बाजूनं एकटाच, चुकलेल्या रेडकासारखा. सूर्य झाकला. सगळीकडं सावलीच सावली. कुणीही "गेली" म्हणालं नाही. अख्खी पेठ तोंड वर करून त्या ढगाकडं बघत होती, आणि पेठेनं ज्या नजरेनं बघितलं त्या नजरेला मी ढग असतो तर थेट बेळगावात जाऊन पडलो असतो. आक्कांनी हात उचलला नाही. "आता सगळ्या अंगाला गार लागतंय, म्हणजे ढग हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "बसू की."

ढग गेला. किती वेळानं ते विचारू नका, मी भागून थकलो. ऊन पडलं.

"नख तापलं," आक्का म्हणाल्या.

मग त्या गुडघ्यावर आल्या आणि पाइपच्या भोवती फिरल्या. हाताची पाठ पाइपला लावत, एकेक वीत पुढं सरकत. दक्षिणेकडून, उगवतीकडून, उत्तरेकडून, पुन्हा मावळतीकडं. "न्हाय," त्या म्हणत होत्या. "हितं न्हाय. हितं बी न्हाय." पेठेनं खाली बघितलं. काठ्यांना सावल्या नव्हत्या. गोलपोस्टच्या खांबांना नव्हत्या. माणसांच्या सावल्या पायाखाली गोळा होऊन चपलांएवढ्या उरल्या होत्या. एक म्हातारी पुढं आली, आक्कांच्या शेजारी बसली आणि तिनंही आपला हात पाइपला लावला. मग बंडूमामानं. मग पोरांनी. एवढ्या हातांनी त्या पाइपला वेढलं की राणीला वाटलं, चारा वाटताहेत.

आक्का उगवतीच्या बाजूला येऊन थांबल्या. डोळे मिटलेले. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आली. हिकडनं आली बघा. नखाएवढी."

खरंच आली होती. काळी, दोऱ्यासारखी.

"बघितलं," आक्का म्हणाल्या, आणि पोत्यावर बसून पाणी मागितलं.

लेख त्याच संध्याकाळी कट्ट्यावर झाला. हातात पत्रिका नव्हती. राणीनं तक्रार केली नाही. मी समोर बसून लिहून घेतला आणि तसाच ऑफिसात नेला. साहेबांनी शेवटचा हात फिरवायला पेन उचललं आणि शेवटच्या ओळीपाशी थांबले. ओळ होती: ही सावली जाताना आणि येताना मी बघितली.

"त्यांना दिसत नाही म्हणे," साहेब म्हणाले. "'अनुभवली' करूया का?"

"साहेब," मी म्हणालो, "मागच्या वेळी तुम्ही एक शब्द बदललात आणि पेठ उपाशी परत गेली. आता हा बदललात तर बंडूमामा म्हैस घेऊन इथं येणार आहे."

"म्हैस लिफ्टमध्ये मावत नाही."

"जिन्यानं येईल."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड सरळ ठेवलं. या वाक्याला चारनं भागायची गरज नव्हती, हे त्यांनाही कळलं असावं. पेनाला टोपण लावलं.

आक्कांना मी छापलेली पुरवणी वाचून दाखवली, शेवटच्या ओळीसकट. "म्हणजे आता थांबायचं नाही," मी म्हणालो.

"बघता येईना झालं की थांबणार व्हते," त्या म्हणाल्या. "येतंय की." पुढच्या महिन्यात कंडक्टर भेटला. तक्रार करत होता की आक्का परत एक थांबा आधी उतरायला लागल्यात, आणि आता त्याला गाडी उभी करून त्यांना बांधापलीकडं सोडून यावं लागतं.

नंतर मी नोकरीसाठी पुण्याला आलो. इथं माझं कुणी भागत नाही, त्यामुळं माझं फार वाढलंय. पण दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी एकच्या आत, फोन येतो.

"पावणं आमच्याकडनं निघाल्यात. उत्तरंला चालल्यात. आठवड्याभरात तुझ्या डोक्यावर येतील. हात लावून बस."

"आठवडा कशाला, आक्का? गाडीनं चार-पाच तासांचा रस्ता."

"ते एक थांबा आधी उतरून चालत येत्यात."

मग मी आठवड्यानं गच्चीवर जातो. पाण्याच्या टाकीशेजारी सिमेंटचा एक गोल खांब आहे, त्याच्या मावळतीला पोतं टाकून बसतो आणि पंजा पालथा ठेवतो. सोसायटीतल्या लोकांनी माझ्या घरच्यांना बाजूला घेऊन चौकशी केलेली आहे. ऊन मनगटावर येतं, हातावर येतं, नखावर येतं. मी खांबाभोवती एक फेरी मारतो आणि गच्चीवरूनच फोन लावतो.

"बघितलंस?" आक्का विचारतात.

"बघितली. नखाएवढी होती, मग गेली. मग पलीकडनं आली."

पलीकडं धारेचा आवाज येत असतो, किंवा तो मी घालतो.

"भागू का?"

"नका भागू, आक्का."



"न्हाय भागत," आक्का म्हणतात.